मापाची फीत आणि साच्यांची मांडणी

घरपट्टी, म्हणजे नगर परिषद किंवा ग्रामपंचायत जमिनी व इमारती यांवर आकारते तो मालमत्ता कर, हिचा आधार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ४९वी नोंद हा आहे. त्या नोंदीत जमिनी व इमारती एवढ्यांचाच उल्लेख असल्यामुळे छताखालची यंत्रे, कपाटे आणि टेबले या कराच्या बाहेर राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या न्यू माणेकचौक गिरणीच्या खटल्यात १९६७ साली स्पष्ट केले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात व्यावसायिकाला आपल्या सामानाची व मालसाठ्याची माहिती सामान्यतः दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत स्थानिक मूल्यमापन कार्यालयाला द्यावी लागते. पेण किंवा रोह्याच्या दुकानदाराला घरपट्टीसाठी अशी यादी करावी लागत नाही. त्याच्याकडे फीत घेऊन माणूस येतो.

हा फरक पेण परिसरातील, विशेषतः हमरापूर आणि जोहे येथील, गणेशमूर्तींच्या कारखान्यांत फार ठळकपणे दिसतो. तेथे ‘कारखाना’ म्हणजे बहुधा घरालगतची पत्र्याची शेड असते आणि धंद्याचे खरे भांडवल भिंतींत नसून रबरी साच्यांत, रंगाच्या कॉम्प्रेसरमध्ये आणि कच्च्या मूर्ती वाळवण्याच्या फळ्यांत असते. तरीही मोजणाऱ्याची फीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाते, वहीत लांबी, रुंदी, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांची नोंद होते, आणि मांडणीवरच्या साच्यांना एकही रकाना मिळत नाही. आयकराच्या हिशेबात मात्र याच वस्तूंना जागा असते, कारण तेथे सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के व फर्निचरवर १० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळतो. एकच कपाट एका दप्तरात भांडवल ठरते आणि दुसऱ्यात अदृश्य होते, यात विसंगती काहीच नाही, कारण दोन्ही दप्तरांचे प्रश्नच वेगळे आहेत.

मोजणीनंतरचे गणित संस्थेप्रमाणे बदलते. नगर परिषदांची रूढ पद्धत करयोग्य मूल्याची आहे, म्हणजे इमारतीला वर्षभरात मिळू शकेल त्या वाजवी भाड्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी १० टक्के वजा करून राहिलेली रक्कम. ग्रामपंचायतींत मात्र २०१५च्या अखेरीस नियम बदलल्यापासून भांडवली मूल्य धरले जाते आणि त्यात क्षेत्रफळ, जमिनीचा व बांधकामाचा दर, इमारतीचे वय आणि वापराचा भारांक हे घटक येतात. त्यामुळे त्याच शेडची नोंद निवासी वापराखाली आहे की औद्योगिक, यावर पट्टी हलते, आणि वादही बहुधा तेथेच उपजतो.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रात प्रश्न वेगळ्या अंगाने उभा राहतो, कारण रासायनिक कारखान्यात यंत्र कोठे संपते आणि बांधकाम कोठे सुरू होते हे नुसत्या नजरेने ठरत नाही. पंप किंवा रसायने शिजवणारे रिअ‍ॅक्टर यंत्रांत मोडतात हे समजण्याजोगे आहे. पण साठवणुकीच्या प्रचंड टाकीचे काय? मुंबई महानगरपालिका आणि इंडियन ऑइल यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली पेट्रोलियमच्या टाक्यांवर मालमत्ता कर लागू होतो असे ठरवले, आणि टाकी पायाला नटबोल्टने जखडलेली नसून केवळ स्वतःच्या भाराने उभी आहे हा बचाव मानला नाही, कारण ती जागची हलवण्यासाठी बांधलेलीच नव्हती. तो निकाल मुंबईच्या कायद्याखालचा असला, तरी हलते काय आणि कायमचे उभे काय, ही कसोटी कोणत्याही मोजणीदाराला उपयोगी पडावी अशी आहे. कारखान्यांशी होणारी अशी तपशिलाची ओढाताण टाळण्याची एक वाट ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. त्यानुसार पंचायतीला करांऐवजी कारखान्याकडून ठोक अंशदान घेता येते.

आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी मुदत असते आणि हरकत लेखीच द्यावी लागते. ग्रामपंचायत हद्दीतील कारखानदाराने नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा, काढून रकमेच्या आधी क्षेत्रफळाचा आणि वापराचा रकाना वाचावा.