कातळ निवलेला, पाणी मात्र ऊन

छत्रपती संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्यात पाया खोदला की काळा कातळ लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला हा लाव्हा. वेरूळचं कैलास लेणंही त्यातच कोरलेलं आहे. उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव, उनकेश्वर ही नावातच ऊन असलेली कुंडं याच लाव्ह्याच्या मुलखात, त्यामुळे जुन्या ज्वालामुखीची धग अजून पाणी तापवते अशी समजूत रुजली आहे. ती खरी असती तर मलिक अंबरने सतराव्या शतकात उत्तरेच्या डोंगरांतून शहरात आणलेल्या नहरीचं पाणीही ऊन निघालं असतं. तेही याच कातळातून पाझरलेलं, पण गार. शिवाय दीड किलोमीटर जाडीचा तप्त थरसुद्धा काही लाख वर्षांत निवतो. हिमाचलातल्या मणिकर्णला ज्वालामुखी नाही, तरी तिथल्या कुंडात तांदूळ शिजतो.

मग पाणी तापतं कशाने? खोलीने. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पृथ्वीच्या पोटातली मूळ उष्णता आणि खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सार यांची ती ऊब. उन्हवऱ्याचं पाणी सुमारे ७० अंशांचं, म्हणजे पावसाचं पाणी किमान दीड किलोमीटर खाली जाऊन आलेलं. खोल जाणं पुरेसं नाही. निवायच्या आत वर येण्याची वाट हवी. ती वाट म्हणजे प्रस्तरभंग, खडकांतली खोल भेग. पालघरपासून रत्नागिरीपर्यंतचे झरे सह्याद्री आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात रांगेने आहेत, ते या भेगांमुळेच. नहरीच्या पाण्याला इतकी खोल फेरी घडतच नाही.

गंधकाच्या वासावरून काहीजण ज्वालामुखीचा निष्कर्ष काढतात. पण तसा वास पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणूही निर्माण करतात. खोलवर शिलारस दडला असेल, हा आक्षेप अधिक वजनाचा. मात्र शिलारस टिकायला खालून सतत नवी भर लागते, जशी आइसलँडला मिळते. आपला लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, त्यावरून भारतीय भूपट्ट केव्हाच उत्तरेला सरकला. तो स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. कुंडात येतं ते पावसाचंच पाणी. म्हणून मला काळजी वाटते ती वरच्या डोंगरांची, जिथे ते पाणी मुरतं.