घरबसल्या डेटाबेसचे शिक्षण : फी भरण्याआधी काय पाहावे?



मागच्या पावसाळ्यात मेळघाटातील एक कोरकू कुटुंब चांदूर बाजारला आमच्याकडे आले. मुलगा बारावी पास. त्याच्या हाती एका खासगी संस्थेचे रंगीत पत्रक होते. सहा महिने घरबसल्या शिका, डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर व्हा, नोकरीची हमी. फी साठ हजार. वडील म्हणाले, “बैलजोडी इकतो भाऊ, पन पोराले नोकरी लागन का, तेवढं सांगा.”

मला माझी जुनी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकावर विसंबून मी एका मुलीला प्रवेश घ्यायला सांगितले होते. तिला मिळाले थोडे व्हिडिओ आणि एक प्रमाणपत्र. स्वतःच्या हाताने एकही तक्ता न बनवता तिचा कोर्स पूर्ण झाला. मुलाखतीत ती गप्प राहिली आणि पैसेही परत आले नाहीत. म्हणून या वेळी मी आठ दिवस मागून घेतले आणि जाणकारांना विचारले. मंडळीतले पालकही हाच प्रश्न विचारतात, म्हणून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

हे काम नेमके काय?

आपल्या मंडळीत बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंदवही असते. ती कोणी लिहायची, कोणी नुसती पाहायची, कपाटाची किल्ली कोणाकडे, वाळवी लागली तर नक्कल कुठे आहे, हे कोणीतरी सांभाळतेच. बँक, दवाखाना, रेल्वे यांच्या लाखो नोंदींसाठी हेच काम डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर करतो. नोंदींचा बॅकअप घेणे, बिघाड झाला तर त्यातून नोंदी परत उभ्या करणे, कोणाला किती अधिकार द्यायचे ते सांभाळणे, यंत्रणा मंदावली तर कारण शोधणे. कधी रात्रीही फोन येतो.

एवढी जबाबदारी नवख्याच्या हाती सहसा कोणी देत नाही. सुरुवात बहुतेकदा तांत्रिक मदत कक्षात किंवा अहवाल काढण्याच्या कामापासून होते. त्यामुळे सहा महिन्यांत नोकरीची हमी ऐकली की सावध व्हावे.

चार प्रश्न विचारा

पहिला, मान्यता आहे का? अनेक कंपन्या पदवी मागतात, म्हणून बारावीनंतर दूरशिक्षणाने बीसीए करणे हा एक रस्ता आहे. १९८५ साली सुरू झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही नावे आपल्या ओळखीची आहेत. तरीही विद्यापीठ कोणतेही असो, तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे. दूरशिक्षणाने घेतलेल्या काही अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मान्यता नसल्याने अनेक विद्यार्थी अडचणीत आले.

दुसरा, हाताने काम करून घेतात का? हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. डेटाबेस स्वतः बसवणे, बिघडवणे आणि पुन्हा उभा करणे अभ्यासात नसेल, तर त्या कोर्सवर पैसे घालू नयेत.

तिसरा, शंका कोणाला विचारायची? गावात शेजारी सांगणारा नसतो. शिक्षक किती दिवसांत उत्तर देतात, हे आधीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करून विचारावे. संस्था त्यांचे नंबर देत नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

चौथा, मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का? हे लेखी घ्यावे.

आधी विनाखर्च करून पाहा

फी भरण्यापूर्वी तीन महिने घरी प्रयत्न करता येतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस मोफत मिळतात आणि खऱ्या कंपन्याही ते वापरतात. साधारण ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. एकदा उतरवून घेतले की सरावाला इंटरनेट लागत नाही. मेळघाटात ही सोय मोठी आहे.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर आयआयटी खरगपूरचा आठ आठवड्यांचा डेटाबेसचा कोर्स आलेला आहे. शिकणे मोफत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, लिबरऑफिस अशा विषयांचे धडे मराठी आवाजातही आहेत. मात्र पुढची पुस्तके आणि संगणकाने दाखवलेल्या चुका इंग्रजीतच येतात, त्यामुळे रोज अर्धा तास इंग्रजी वाचन हवेच.

तक्त्यांच्या रूपात माहिती ठेवण्याची मूळ कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. ती आजही चालते. म्हणून पाया पक्का असलेले जुने पुस्तकही उपयोगी पडते. ओरॅकल किंवा मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांची फी हजारांत जाते, ती पाया झाल्यावर भरावी.

आम्ही त्या मुलाला एक कसोटी दिली. काल्पनिक नावांची मंडळीची नोंदवही बनव, दोनशे नोंदी भर, बॅकअप घे, मग सगळे पुसून टाक आणि परत आण. पहिल्या वेळी बॅकअपची फाइल रिकामी निघाली. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पुन्हा बसला. पुढच्या आठवड्यात दोनशेच्या दोनशे नोंदी परत आल्या. आता त्याने मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला आहे आणि शनिवारी आमच्या खोलीत सराव करतो. नोकरी लागेल की नाही हे आज मी सांगू शकत नाही, आणि त्याच्या वडिलांनाही मी तसेच सांगितले. बैलजोडी मात्र गोठ्यातच आहे.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करण्याची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. हा हिशेब करायला आपण या मुलांना मदत करू शकतो. घरात पडून असलेला चालू लॅपटॉप द्यावा. आपल्या मंडळीत कोणी संगणकाच्या क्षेत्रात असेल, तर महिन्यातून एक तास फोनवर शंका सोडवाव्यात. आणि कोणाच्या हाती असे रंगीत पत्रक दिसले, तर सही करण्यापूर्वी हे चार प्रश्न त्याच्यासोबत बसून वाचावेत.