खांद्याला पेलेल असा कॅमेरा

धान्य आणि सोने ही सोडली, तर बाजारातील बहुतेक वस्तूंची आपण किंमत विचारतो, वजन विचारीत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत तर पुष्कळांची समजूत उलटच असते. जितका जड, तितका तो भारी! आमचीही समजूत अनेक वर्षे तशीच होती, आणि ती दुरुस्त होण्यास आमच्या उजव्या खांद्याची मदत व्हावी लागली.

साठी उलटल्यावर एका पावसाळ्यात तो खांदा धरला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "ओझे उचलू नका." आम्ही घरी येऊन कॅमेऱ्याची पिशवी वाण्याच्या काट्यावर ठेवली. कॅनन ५डी मार्क ३ हा कॅमेरा बॅटरीसह ९५० ग्रॅम, २४–७० ची एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅम आणि ७०–२०० ची एफ २.८ लेन्स १,४९० ग्रॅम. बेरीज ३,२४५ ग्रॅम झाली. ट्रायपॉड, चार्जर आणि पिशवी निराळीच. हे सारे घेऊन सकाळच्या गर्दीत अंबरनाथहून लोकलमध्ये शिरणे म्हणजे काय, हे या बाजूच्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. मग छंद सोडावयाचा की ओझे सोडावयाचे? आम्ही दुसरा मार्ग धरला. जुने सामान विकून जे येईल, त्यात फार तर दहा हजारांची भर घालावयाची, अशी मर्यादा घरात ठरली. त्या मर्यादेत फिरताना जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की छायाचित्रणाचा सारा इतिहास हा ओझे कमी करण्याचाच इतिहास आहे. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. सरकारने १८६८ साली त्याचे नकाशे, छायाचित्रे व शिल्पांचे साचे करविण्याचे काम हाती घेतले. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावी लागे. म्हणून छायाचित्रकाराला कॅमेऱ्याबरोबर अंधारखोलीचा तंबू, काचा, बाटल्या आणि पाणीही नेणे भाग असे. पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यास दम्याचा विकार होता आणि काचांचा कॅमेरा वाहणे त्यास जड जाई. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून हातात मावणारा कॅमेरा घडविला, तोच १९२५ साली बाजारात आलेला लायका. तेव्हा खांदा दुखणाऱ्यांनी मनात कमीपणा बाळगण्याचे काहीच कारण नाही!

आता वजन येते कोठून ते पाहू. फिल्मच्या जागी आज सेन्सर आहे. मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा, मधल्या वर्गात सुमारे २३.५ बाय १५.६ चा आणि मायक्रो फोर थर्ड्‌स या पद्धतीत १७.३ बाय १३ चा असतो. ही शेवटची पद्धत ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनी २००८ साली पुढे आणली. सेन्सर लहान झाला, की तेवढेच दृश्य टिपण्यास आखूड लेन्स पुरते. मोठ्या सेन्सरवर ९० मिलिमीटरची लेन्स जेवढे दृश्य पकडते, तेवढे येथे ४५ मिलिमीटरची पकडते. काच लहान झाली, की तिच्याभोवतीचे धातूचे नळकांडेही लहान होते. वजन उतरते ते मुख्यतः येथे.

कॅमेऱ्यातील आरसा काढून टाकला, की वजन आपोआप उतरते, असे दुकानात सांगतात. ते अर्धेच खरे आहे. आरसा गेल्याने कॅमेरा लहान होतो, परंतु सेन्सर मोठाच राहिला, तर मोठ्या तोंडाची लेन्स मोठीच राहते. सोनीची २०१६ सालची २४–७० ची एफ २.८ लेन्स आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी केलेली असूनही ८८६ ग्रॅम भरते, म्हणजे आमच्या जुन्या लेन्सहून जास्तच. म्हणून केवळ कॅमेरा काट्यावर ठेवून निर्णय करू नये. रोज नेणार त्या सर्व लेन्सा सोबत ठेवून बेरीज करावी.

लहान सेन्सरने काहीच जात नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्याचे क्षेत्रफळ मोठ्याच्या सुमारे पावपट आहे. तितकाच वेळ आणि तितकेच लेन्सचे तोंड उघडे ठेवले, तर चित्राच्या वाट्याला एकूण प्रकाश चौथा हिस्साच येतो. परिणामी अंधारातील चित्रात रवाळपणा लवकर दिसतो. पाठीमागचे दृश्य धूसर करून चेहरा उठविण्याची सोयही कमी होते. हा सौदा आहे. तो आपणास परवडतो की नाही, हे आपण काय टिपतो त्यावर ठरते.

तेव्हा खरेदीपूर्वी आपलीच जुनी चित्रे तपासावी. प्रत्येक डिजिटल चित्रासोबत ते कोणत्या मिलिमीटरवर घेतले, याची नोंद असते. आम्ही दोन वर्षांची चित्रे काढून बसलो. देवळाचे कोरीव काम, घरची मंडळी, उल्हासनगरातील चेटीचंडची मिरवणूक, बदलापूरजवळचा कोंडेश्वरचा धबधबा. बहुतेक सारी ३५ ते ९० च्या दरम्यान घेतलेली! पिशवीतील सर्वांत जड लेन्स आम्ही वर्षातून दोनदा, बारवी धरणाकडील पक्ष्यांसाठी वापरली होती. दोन दिवसांकरिता तीनशे त्रेसष्ट दिवस हमाली केली, हे त्या संध्याकाळी आमच्या ध्यानी आले.

पैसा थोडा असेल, तर तो कॅमेऱ्यापेक्षा लेन्सवर घालावा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स लांब टोकाला एफ ५.६ वर येते. तिच्या जागी एफ १.८ ची एकाच मापाची लहान लेन्स लावली, तर सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो. दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याऐवजी नवा घेऊन इतका फरक पडत नाही. शिवमंदिराचा गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे, आणि संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावावयाचा तर परवानगी लागते. तेथे मोठ्या तोंडाची हलकी लेन्स आणि हाताचा कंप सावरणारा कॅमेरा ही जोडी उपयोगी पडते. परंतु कंप सावरला जातो तो आपल्या हाताचा, समोरच्याचा नव्हे. दगडी मूर्ती सेकंदाच्या आठव्या भागातही स्थिर मिळेल, नाचणारे पोर मिळणार नाही.

जुने सामान घेताना काय पाहावे, हे आम्ही पैसे घालवून शिकलो आहो. मुंबईत बोराबाजारच्या बाजूस कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. कोठे ते सांगत नाही, पण एक लेन्स आम्ही गडबडीत, पाच मिनिटांत पसंत केली. घरी येऊन विजेरीच्या उजेडात पाहतो, तो आत कोळिष्टकासारखी बुरशी! म्हणून विजेरी बरोबर न्यावी, लेन्सच्या एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. आतील पाकळ्या चटकन मिटतात का, त्यांवर तेल आहे का, हे बघावे. शटर किती वेळा चालले ते विचारावे. भिंतीचे एक चित्र घेऊन चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का ते पडताळावे. आणि दुकानदार घाई करू लागला, तर आपण चहा प्यावयास जावे.

बुरशीचे भय आपल्या भागात घरीही असते. उल्हास व वालधुनीच्या काठचा आपला पावसाळा चार महिने हवा दमट ठेवतो. कापडी पिशवीत बंद करून ठेवलेली लेन्स हमखास बिघडते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखविणारे लहानसे घड्याळ एवढे पुरते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवावा. हा खर्च फार थोडा, आणि तो लेन्स घेण्याआधी करावयाचा.

शेवटी आम्ही काय घेतले? ऑलिंपसचा ई-एम१० मार्क २ हा जुना कॅमेरा, ३९० ग्रॅमचा. त्यास १४–४२ ची चपटी झूम ९३ ग्रॅम, ४०–१५० ची १९० ग्रॅम आणि ४५ ची एफ १.८ लेन्स ११६ ग्रॅम. बेरीज ७८९ ग्रॅम. पूर्वीच्या चौथ्या हिश्शाहून कमी! मर्यादेतील चार पैसे शिल्लक राहिले, ते डब्यात व जादा बॅटरीत गेले.

बारवीच्या काठी सांजवेळचे पक्षी आता आम्हांस पूर्वीसारखे मिळत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. रात्रीच्या लग्नसमारंभावर ज्यांचे पोट आहे, अशा आमच्या गावच्या तरुण छायाचित्रकारांना आम्ही आमचे अनुकरण करा असे सांगणार नाही. मोठा सेन्सर हे त्यांचे अवजार आहे. त्यांनी मधल्या वर्गाचा विचार करावा आणि एक जड झूम काढून दोन हलक्या लेन्सा ठेवता येतील का, ते पाहावे. ज्याला मोबाइलवरच समाधान आहे, त्याने काहीच घेऊ नये.

परंतु ज्याचा कॅमेरा जड म्हणून कपाटात पडून आहे, त्याने एकदा काटा आणावाच. आमचा जुना कॅमेरा शेवटच्या वर्षात अकरा वेळा घराबाहेर पडला होता, हा रोज पडतो. परवाच बाजारातून येताना पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी तो होता, आणि देवळाच्या पाठच्या भिंतीवर उन्हाची एक तिरपी रेघ पडली होती. पूर्वी आम्ही ती नुसती पाहून घरी आलो असतो.