समुद्रात सुरुंग पेरणारी पाणबुडी

पाणबुडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टॉर्पेडो मारून जहाज बुडविणारी नौका येते. पण पहिल्या महायुद्धात जर्मनीने आणखी एका जातीच्या पाणबुड्या बांधल्या होत्या. शेतकरी बी पेरतो, तसे समुद्रात सुरुंग पेरणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांतल्याच यू-७३ हिची ही हकिकत.

आधी हा सुरुंग म्हणजे काय ते पाहू. विहिरीत पोहायला शिकणारी मुले पाठीला सुकलेला भोपळा बांधीत, हे आपणांस ठाऊक असेल. असा भोपळा आखूड दोरीने धोंड्याला बांधून विहिरीत सोडा. धोंडा तळाशी बसेल, भोपळा वर येऊ पाहील. पण दोरी पुरणार नाही, म्हणून तो पाण्याखालीच अडकून राहील. काठावरून काही दिसायचे नाही! सागरी सुरुंगाची रचना अशीच. धोंड्याच्या जागी लोखंडी नांगर, दोरीच्या जागी तारेचा दोर, आणि भोपळ्याच्या जागी दारूने भरलेला पोलादी गोळा. त्या गोळ्याला शिशाची शिंगे असतात व शिंगात आम्लाची काचनळी. जहाजाचा धक्का लागला की शिंग वाकते, नळी फुटते, आम्ल विद्युत्घटात उतरून वीज निर्माण होते आणि स्फोट होतो.

यू-७३ मध्ये असे ३४ सुरुंग मावत. ते शेपटाकडच्या दोन नळ्यांतून बाहेर सोडले जात. ही पाणबुडी मोठी चपळ होती असे मात्र नाही. पाण्यावरसुद्धा ती सुमारे दहा नॉट वेगानेच चाले. एप्रिल १९१६ मध्ये कप्तान गुस्टाफ झीस हिला घेऊन जर्मनीहून निघाला आणि जिब्राल्टरमार्गे भूमध्य समुद्रात शिरला. माल्टा बेटापाशी त्याने सुरुंग पेरले. २७ एप्रिलला त्यांवर ‘रसेल’ ही ब्रिटिश युद्धनौका आदळली व सुमारे सव्वाशे माणसे दगावली.

पुढे ऑक्टोबरअखेर ग्रीसच्या केआ बेटाजवळ तिने दुसरी पेरणी केली. १४ नोव्हेंबरला तेथे ‘बुर्दिगाला’ हे फ्रेंच जहाज बुडाले. आठवड्याने, २१ नोव्हेंबरच्या सकाळी, ‘ब्रिटानिक’ त्याच वाटेने आले. हे ‘टायटॅनिक’चे धाकटे भावंड. जखमी सैनिकांना आणण्यासाठी त्याचे इस्पितळ केले होते. पांढरा रंग, बाजूंवर तांबडे क्रूस. स्फोटानंतर कप्तान बार्टलेट याने जहाज किनाऱ्याला लावण्याची धडपड केली. पण हवा खेळावी म्हणून उघडलेल्या खिडक्यांतून पाणी आत घुसले, आणि ५५ मिनिटांत ते प्रचंड जहाज तळाला गेले. हजारावर माणसांपैकी ३० मेली. त्यांतील बहुतेक, हुकमाआधीच खाली सोडलेल्या होड्या फिरत्या पंख्यांत ओढल्या गेल्याने! जहाज जखमींना आणायला निघाले होते, म्हणून खाटा रिकाम्या होत्या. परतीच्या वाटेवर हे घडते तर? उठूही न शकणाऱ्या हजारो जखमींचे काय झाले असते?

येथेच खरा मुद्दा आहे. टॉर्पेडो सोडणारा कप्तान समोरचे जहाज पाहतो. तांबडा क्रूस दिसला तर हात आवरू शकतो. सुरुंगाला डोळे नाहीत. पेरणारा निघून जातो आणि सुरुंग वाट पाहत बसतो. आपल्या किनाऱ्यालाही याचा अनुभव आला. ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईपुढच्या समुद्रात सुरुंग टाकले, आणि ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट त्यांवर बुडाली ती जूनमध्ये, म्हणजे चार महिन्यांनी!

यू-७३ चा शेवट लढाईत झालाच नाही. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस ऑस्ट्रियाची सत्ता कोसळली, तेव्हा जर्मनांनी पोला बंदरात तिला स्वतःच बुडविले. पाणबुडी संपली, युद्ध संपले. पण समुद्रात पेरलेले सुरुंग तह झाल्याने आपोआप निघत नाहीत. ते शोधून एकेक करून काढावे लागतात, आणि त्यासाठी पुन्हा माणसांनाच जीव धोक्यात घालावा लागतो.