बोराडे वाचायचे, तर आधी ‘पाचोळा’

रा. रं. बोराडे लातूर जिल्ह्यातील काटगावचे. त्यांची भाषा आपल्या घाटनांदूरच्या बोलीच्या अगदी जवळची. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचे वाचायचे तर सुरुवात ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीपासून करावी. गावच्या शिंप्याचे घर कसे विसकटते, ते त्याची बायको पारबती स्वतःच्या तोंडाने सांगते. बोली छापलेली पाहून पहिल्या पानांवर डोळा अडखळेल, म्हणून मोठ्याने वाचा. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही एका शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही. मग ‘पेरणी’ (१९६२) हा कथासंग्रह. खुरपणी-कोळपणीच्या धांदलीत रात्री एखादी कथा होते, कादंबरी अर्ध्यात राहते. ‘आमदार सौभाग्यवती’ शेवटी घ्या. तरणी पोरे तीच आधी मागतील, राजकारण आहे ना तिच्यात!