दांड्या चार, नेट बेजार

पत्र्याच्या घरात काय किंवा एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पुनर्वसनाच्या इमारतींत काय, फोनला रेंज मिळत नाही हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. पत्रा लहरी परतवून लावतो, काँक्रीट त्या शोषून घेते. घरातल्या मुलीला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो आणि ती फोन घेऊन जिन्यात बसलेली असते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, बूस्टर बसवा, नेट पळायला लागेल. बूस्टर म्हणजे काही हजार रुपये, म्हणजेच घरचा किराणा. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकीव म्हणून काही मानू नका. दुकानदाराचे बोलणेही त्यातच आले. म्हणून या यंत्राची थोडी चिकित्सा करू या.

बूस्टरचा एक अँटेना छतावर असतो, एक घरात आणि मध्ये आवाज मोठा करणारी पेटी. छतावर रेंज चांगली आणि घरात शून्य असेल, तर फरक पडतो हे खरे. पण पेटी सिग्नलबरोबर खरखरही मोठी करते. लग्नातला फुटका भोंगा आठवा: आवाज वाढतो, शब्द कळत नाहीत. फोनवरच्या दांड्या आवाज दाखवतात, नेटचा वेग मात्र शब्द किती स्वच्छ ऐकू येतात त्यावर ठरतो. शिवाय ४जीचा फोन टॉवरकडून एकाच वेळी दोन प्रवाहांत डेटा घेऊ शकतो. एकाच वायरीच्या बूस्टरमधून त्यातला एकच नीट पोहोचतो. आधी बरी रेंज असलेल्या घरात म्हणूनच बूस्टर लावल्यावर दांड्या वाढतात आणि वेग उलट घटू शकतो. आपल्याकडे ५जी मुख्यतः ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झवर चालते. ९०० किंवा १८०० साठी बनवलेली पेटी त्याला हातही लावत नाही.

टॉवरवर गर्दी असेल तर बूस्टरचा काही उपयोग नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. दांड्या भरलेल्या असतात, पण घरी पाठवलेला फोटो फिरतच राहतो. संध्याकाळी सारी चाळ एकदम फोन उघडते तेव्हाही तेच होते.

याहून गंभीर बाब शेजाऱ्यांची. बूस्टर टॉवरकडेही बोलतो. हलक्या प्रतीचा असेल तर टॉवरच्या कानात सतत गोंगाट करतो आणि त्या टॉवरवरच्या सगळ्यांचे फोन तुटू लागतात. आपल्या घरात उजेड करताना अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडवण्यासारखेच हे. म्हणूनच परवानाधारक कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. ऑनलाइन दुकानात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. पकडले गेल्यावर उत्तर द्यावे लागते ते वापरणाऱ्यालाही, आणि आपल्या माणसाला ते नेहमीच महाग पडते.

मग करायचे काय? फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसखाली सिग्नलचा उणे आकडा सापडतो. उणे ८५ म्हणजे ठीक, उणे ११५ म्हणजे मरतुकडा. घरातले कोपरे आणि खिडक्या या आकड्याने तपासा. चांगल्या जागी एक फोन ठेवून त्याच्या हॉटस्पॉटवर दुसरा चालवा, हा फुकटचा बूस्टर. कंपनीकडे तक्रार करून क्रमांक लिहून घ्या. इमारतीत आतली यंत्रणा बसवणे कंपनीचे काम आहे आणि सोसायटीने सह्यांचे पत्र दिले तर त्याला वजन येते. २०२४ च्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना आपले रेंजचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावे लागतात. ते पाहून कंपनी बदलता येते, नंबर तोच राहतो.

आणि जिथे विहार आहे तिथे एक वायरचे ब्रॉडबँड घ्या. दहा घरांनी वर्गणी काढली तर अभ्यासिकेतल्या पोरांना वायफाय मिळते. त्यावर वायफाय कॉलिंग सुरू केले की रेंज नसतानाही फोन लागतो. पासवर्ड ताईंच्या वहीत लिहून ठेवा आणि रात्री अकरानंतर राउटर बंद.