पत्रीपूजा : एकवीस पानांची ओळख

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा झाली, अंगपूजा आटोपली, की पत्रीपूजेस आरंभ होतो. सुमुख, गणाधीश, उमापुत्र, गजानन अशी एकेक नामे पुरोहित उच्चारतात आणि प्रत्येक नामागणिक एका वनस्पतीचे पान देवाच्या चरणी वाहावयाचे असते. सुमुखाला मालती, गणाधीशाला माका, उमापुत्राला बेल, गजाननाला दूर्वा, असे करीत शेवटच्या सर्वेश्वराला अगस्तीचे पान वाहिले, की एकवीस पत्री पूर्ण होतात. हा विधी घरोघर होतो. परंतु तो होत असताना यजमानांच्या हाताकडे कधी लक्ष देऊन पाहावे. पुरोहितांच्या मुखी 'बृहतीपत्र' असते आणि यजमानांच्या हाती, समोरच्या ढिगातून जे वर आले ते पान असते. पुरोहितांना पुढची चार घरे गाठावयाची असतात आणि यजमानांना आरतीची घाई असते. मंत्र एका वाटेने जातो, पान दुसऱ्या वाटेने.

वाचकहो, पानांच्या या यादीकडे मी गेली चाळीस वर्षे छंद म्हणून पाहत आलो आहे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावी जाणे होते. जेथे जाईन तेथली पाने वहीत दाबून ठेवावीत आणि त्या मुलखातील नाव खाली लिहावे, एवढाच हा छंद. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी, की ही यादी घरात बसून पूर्ण करताच येत नाही. तुळस, मरवा, जाई, डाळिंब आणि कण्हेर ही अंगणातली. बेल आणि पिंपळ देवळाच्या आवारातले. बोर शेताच्या बांधावर. आघाडा वाटेच्या कडेला आणि डोरली, म्हणजे मंत्रातील बृहती, काटेरी कुंपणाच्या आडोशाला. रुई आणि धोत्रा गावाबाहेरच्या उकिरड्यावर किंवा पडीक रानात. माका ओढ्याकाठच्या चिखलात, अर्जुनसादडा नदीतीरी, केवडा पाणथळीत. विष्णुक्रांता उघड्या माळावर, तीही इतकी बुटकी की वाकल्यावाचून तिचे निळे फूल दिसत नाही. शमी कोरड्या रानातली. म्हणजे ज्याला एकवीस पाने स्वहस्ते मिळवावयाची आहेत, त्याला अंगणातून निघून देऊळ, बांध, उकिरडा, ओढा, नदी आणि माळ अशी गावाची प्रदक्षिणाच घालावी लागते. श्रावणाच्या सरींनी सारी सृष्टी हिरवी झालेली असताना ही प्रदक्षिणा घडावी, अशीच या विधीची योजना दिसते.

एकवीस या संख्येचा अर्थ लावताना काही जण पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पंचप्राण, पंचमहाभूते आणि एकविसावे मन असा हिशेब सांगतात. तो कीर्तनात सांगावयास मोठा गोड आहे आणि मीही सांगतो. पण मला स्वतःला या यादीतील उकिरड्यावरच्या धोत्र्याचे अधिक कौतुक वाटते. ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याचे पानही हरसूनू या नामाने देवापुढे येते.

आता बाजाराकडे वळू. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पत्रीची एक जुडी विकत घेतली आणि घरी आणून पाटावर सोडली. दूर्वा होत्या, आघाडा होता, कण्हेर होती, बेलाच्या दोन डहाळ्या होत्या. उरलेल्या ढिगात सुबाभूळ, हिरवा अशोक आणि गुलमोहर यांचा पाला होता. जुडी विकणाऱ्या बाई डोंगराकडच्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना देवदाराविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बुवा, द्येवदार हितं कुठला? गिऱ्हाइकाला हिरवं दिसलं म्हंजे झालं. नावानं कोन मागतंय?" त्यांना डोरली, माका, विष्णुक्रांता ही सारी ठाऊक होती, कुठल्या खाचरात काय उगवते तेही त्यांनी सांगितले. मागणारेच कोणी उरले नाहीत, तेव्हा आणावे तरी कशासाठी? दोष त्या माउलीच्या टोपलीत नाही.

देवदाराचा प्रश्न मात्र खराच आहे. हा वृक्ष हिमालयाचा. महाराष्ट्रातल्या यजमानाने त्याचे ताजे पान आणावे कोठून? बंगालमध्ये तर आपल्याकडच्या उंच, सरळ हिरव्या अशोकालाच देबदारू म्हणतात, म्हणून तिकडे त्या नावाने तोच वाहिला गेला तर नवल नाही. मालतीची कथा याहून गमतीची. अमरकोशात मालती आणि जाती ही एकाच वेलीची नावे म्हणून येतात, पत्रीच्या यादीत मात्र ती दोन वेगळी पाने आहेत. आणि आज मालती म्हणून आपण जी मधुमालती वाहतो, ती लाल-गुलाबी झुबक्यांची वेल निराळीच आहे. विष्णुक्रांतेच्या नावाने कोठे गोकर्णही दाखवितात. विद्वानांनी या वादात पडावे. गृहस्थाने पडण्याचे कारण नाही. कारण शास्त्रकारांनी वाट मोकळी ठेवलेली आहे. जे पान मिळाले नाही, त्याच्या नामाला अक्षता वाहाव्यात, असा शिष्टाचार आहे. पूजेच्या संकल्पातही 'जे मिळाले त्या साहित्याने' असेच म्हणावयाचे असते. मग सुबाभळीच्या पाल्याला बृहती म्हणण्याची पाळी आपल्यावर कोणी आणली? सात पाने ओळखून वाहिली आणि चौदा नामांना अक्षता वाहिल्या, तर त्या पूजेत न्यून काहीच नाही. न ओळखलेली एकवीस वाहिली, तर देवासमोर एकवीस वेळा खोटे नाव घेतले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पान ओळखणे ही विद्या आहे आणि तिचा मान परकीयांनीही केला आहे. कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हीडने, मलबारातील वनस्पतींवर सिद्ध केलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यात सुमारे 740 वनस्पती आहेत. त्यासाठी ज्यांनी झाडे ओळखून गुण सांगितले, त्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांची 1675 ची साक्ष त्या ग्रंथात नागरी अक्षरांत छापलेली आहे.

पत्रीशी गोमंतकाचे नाते तर याहून जिव्हाळ्याचे. तेथे 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि हिंदूंची मूर्तिपूजा संकटात आली. त्या काळी मूर्ती घरात सापडू नये म्हणून पानांचाच गणपती मांडून पूजा करू लागले, असे गोव्यातील काही घराण्यांत परंपरेने सांगितले जाते, आणि अशा घरांतून पत्रीचा गणपती पुढेही पुजला गेला. मूर्ती लपवावी लागली तरी रानातले पान कोण लपवणार आणि कोण जप्त करणार? गोव्यात देवावर बांधली जाणारी माटोळीही रानफळांनी, वेलींनी आणि शेंगांनी भरलेली असते. माटोळीचे सामान गोळा करावयास रान हिंडावे लागते, आणि घरातली मुले त्या हिंडण्यातच झाडांची नावे शिकतात.

आरोग्याविषयी थोडे, पण जपून लिहितो. पत्री हाताळली की अमुक रोग बरा होतो, अशी विधाने सणाच्या दिवसांत फार ऐकू येतात. घटकाभर पान हाती धरल्याने व्याधी जात नाही. या वनस्पतींना आयुर्वेदात थोर स्थान आहे हे मात्र निर्विवाद. बेल आणि डोरली यांची मुळे दशमुळांत आहेत. माक्याचे तेल घरोघर परिचित आहे. अर्जुनाची साल हृद्रोगात सांगितली आहे आणि आघाड्याचा क्षार भगंदरावरील क्षारसूत्रात वापरतात. पण हे वैद्याचे काम, यजमानाचे नव्हे. कारण याच यादीत विषेही आहेत. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी, तोही हृदयावर घात करणारा. धोत्र्याचे बी पोटात गेले तर माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यास इजा होते. म्हणून गृहिणींना हात जोडून सांगणे आहे : पत्रीचे तबक आणि नैवेद्याचे ताट एकमेकांपासून दूर ठेवा, पत्री वाहून झाल्यावर हात धुवा, लहान मुलांना पान चघळू देऊ नका. आणि निर्माल्य पवित्र म्हणून ते गाईपुढे टाकण्याची जी रीत काही घरांत आहे, ती सोडा. त्यातील कण्हेर गाईच्या जिवावर बेतू शकते. निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरावे. ते सहज कुजते. त्याला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी मात्र कुजत नाही.

विषाचा विषय निघाला म्हणून अनलासुराची कथा सहजच आठवते. अग्नीसारखा जाळणारा तो असुर गजाननाने गिळला आणि त्याच्या अंगाचा दाह होऊ लागला. कोणी चंद्र दिला, कोणी कमळ दिले, दाह शमेना. मग अठ्ठ्याऐंशी सहस्र ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा आणून वाहिल्या, तेव्हा देवाला शीतलता आली. कीर्तनात ही कथा रंगवून सांगताना मी श्रोत्यांना विचारतो, ऋषींनी दूर्वा बाजारातून आणल्या काय?

तोडण्यालाही मर्यादा आहेत. सूर्यास्तानंतर पान तोडू नये, तुळशीला द्वादशीस हात लावू नये, झाडाची प्रार्थना करून मगच पान घ्यावे. बेलाचे पान शिळे होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येते. तुळस तर गणपतीला एरवी वर्ज्य. वर्षातून या एकाच पूजेत तिचे एकच पान चालते. एका नामाला एक पान लागते. फांदी मोडावी असे कोठेही सांगितलेले नाही. झाडावर पान राहिले तर त्यावर आणखी कोणाची तरी उपजीविका चालते. रुईच्या कडू पानांवर एका केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि त्या विषाच्या बळावर पक्ष्यांपासून वाचतात. बेलाच्या कोवळ्या पालवीवर लिंबावरच्या फुलपाखराची पिले पोसतात.

मन उदास होते ते वेगळ्याच कारणाने. आमच्या वाईत काय किंवा अन्यत्र काय, काटेरी कुंपणे जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या, तेव्हा डोरली गेली. ओढे बांधून काढले, तेव्हा माका गेला. माळावर फरशी बसली, तेव्हा विष्णुक्रांता दिसेनाशी झाली. देऊळ नवे झाले म्हणून जुना पिंपळ तोडल्याचे तर मी किती ठिकाणी पाहिले! पूजेची पोथी तीच आहे, एकवीस नामेही तीच आहेत.

ज्यांना यंदा निघावयाचे आहे, त्यांनी हरितालिकेच्या सकाळी मुलांना घेऊन निघावे. सोबत टोपली, जुनी वही आणि एखादे जाणते माणूस असावे. घरच्या आजी असल्या तर उत्तमच. आघाडा प्रथम ओळखू येईल, कारण तो ऋषिपंचमीच्या दातवणासाठी आजींना ठाऊकच असतो. अगस्ती, म्हणजे हादगा, परसात कोणी लावला असेल तर मिळेल. त्याची फुले शरदात येतील. ती भाजीसाठी राखून ठेवावीत. डोरलीला हात घालताना काटे सांभाळावे. डाळिंब शेजाऱ्यांकडे मागावे, न विचारता तोडू नये. आघाड्याचे पीक काढावे लागत नाही. त्याची काटेरी फळे परतीच्या वाटेवर आपणच धोतराला आणि परकराला चिकटून घरी येतात, आणि ती अंगणात झटकली, की पुढल्या श्रावणात तेथेच रोप उभे राहते.